आडवी लवंग

मंगल कार्यालयाचं मागचं दार बोळात असतं हे पूर्णिमाला पाठ होतं, पण त्या दिवशी ती चुकीच्या बोळात शिरली. परतीचा पाऊस कोसळत होता, लुनाच्या मागं बांधलेल्या टोपलीत एकशे एक विडे होते आणि साखरपुड्याची पंगत उठायला आली होती. बोळ संपला तिथं एक दगडी देवडी उभी होती. उंबऱ्याच्या आत तिपाईवर एक तरुण बसला होता — डोक्याला पटका, अंगात बाराबंदी, हातात भाला. लग्नकार्यात हल्ली काय काय सोंगं उभी करतात, असं मनात म्हणत तिनं लुना स्टँडवर लावली.

"अहो पावणं, विडे कुठं द्यायचे?"

त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग टोपलीकडं, मग पुन्हा तिच्याकडं... आणि नजर तिथंच अडकली. पाऊस तिच्या केसांतून उतरून नाकाच्या शेंड्यावरून गळत होता.

"विडा आत मांडलाय," तो म्हणाला. "एकच असतोय."

"एकात कुणाचं भागतंय? सरका."

आणि तो सरकला. दहा वर्षांत त्या उंबऱ्यावरून कुणासाठीही न सरकलेला माणूस एका भिजलेल्या पोरीसाठी सरकला, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. पण तोवर ती आत गेलेलीही होती.

पूर्णिमाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. वय एकवीस, बी.ए. झालेली, कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीला आण्णांची म्हणजे वडिलांची पानपट्टी. तिच्या पायाला भिंगरी आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. टायपिंगचा क्लास तिनं दोन महिन्यांत सोडला, पतसंस्थेतली नोकरी तीन आठवड्यांत. बघायला आलेल्या दोन स्थळांसमोर ती चहा संपायच्या आत उठून गेली होती. बसली तरी तिचा उजवा पाय सारखा हलत असायचा आणि आई ओरडायची. कुठंतरी जायचंय, एवढं तिला आतून वाटत राहायचं. कुठं ते मात्र कळायचं नाही, आणि त्यामुळं जीव नुसता वर-खाली व्हायचा. स्थिर असा तिचा एकच गुण होता, तो म्हणजे विडा. सातव्या वर्षापासून ती आण्णांच्या मांडीला मांडी लावून विडे बांधत होती. तिच्या हातचा विडा कधी सुटला नाही.

तर आत एक लांबलचक दालन होतं. दोन्ही बाजूंना बारा मिशाळ माणसं गादीवर बसली होती. समोर उंच आसनावर सत्तरीची एक म्हातारी बाई, आणि तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभा असलेला एक गोरा, गुळगुळीत गृहस्थ. मधोमध चौरंगावर चांदीचं तबक आणि तबकात एकच विडा. सगळे त्या विड्याकडं बघत होते आणि कुणीही हलत नव्हतं.

पूर्णिमानंही बघितलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. पानाचा देठ तसाच. चुना कडेनं बाहेर आलेला. आणि लवंग? लवंग चक्क आडवी टोचलेली. एवढ्या मोठ्या कार्यात असला विडा पाहुण्यांसमोर ठेवायचा म्हणजे काय... तिचा हात तिला विचारून पुढं गेला नाही. तिनं विडा उचलला, देठ खुडला, जास्तीचा चुना बोटानं पुसला आणि लवंग सरळ टोचली.

त्याच क्षणी नगारा वाजला. बारा मिशा एकदम उभ्या राहिल्या. गुळगुळीत गृहस्थाचा चेहरा आंबट ताक प्यायल्यासारखा झाला.

"पोरी," म्हातारीनं विचारलं, "विडा उचललास?"

"लवंग आडवी लागलीया," पूर्णिमा म्हणाली, "म्हटलं सरळ करावी."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. तिनं तो विडा मागून घेतला, तोंडात टाकला आणि सांगितलं की तीस वर्षांत दरबारात पहिल्यांदाच धड विडा खायला मिळाला.

कुठं येऊन पडलो हे पूर्णिमाला कळलं ते परत देवडीवर आल्यावर. भालेवाल्याचं नाव कृष्णात. त्यानं तिला सावकाश, एकेक शब्द मोजून सगळं सांगितलं. हा झरेगडचा दरबार. म्हातारी म्हणजे धोंडुबाई सरकार. गुळगुळीत गृहस्थ म्हणजे आकाराम कारभारी. गडाचा शिक्का तीस वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. शिक्क्याविना गादी तीस वर्षं चालते, एकतिसाव्या दसऱ्याला ती सोडावी लागते, असा तिथला कायदा. त्याआधी एकदा भर दरबारात विडा मांडायचा आणि तो जो उचलेल त्यानं दसऱ्याचा सूर्य मावळायच्या आत शिक्का आणायचा. कुणीच उचलला नाही तर गादी त्याच दिवशी कारभाऱ्याच्या भाच्याची, यशराजची. म्हणून आकारामनं बाराही सरदारांच्या घरी आधीच जाऊन हात जोडले होते, आणि जिथं हात जोडून भागलं नाही तिथं डोळे वटारले होते.

"आन तू आलीस," कृष्णात म्हणाला. "अट ऐकल्याबिगर विडा उचलायचा नसतोय, येवढं बी ठाऊक न्हाय व्हय तुला?"

"आमच्यात विडा जेवल्यावर खात्यात," ती फणकारली. "आणि न्हाई आणला शिक्का तर?"

"तर न्हाय. तुला कोन धरून आननार? यशराज गादीवर बसतील. आन बसल्या बसल्या पयलं काम म्हंजे ही देवडी बुजवायची. कारभाऱ्याला भायेरचं वारं चालत न्हाय." तो उंबऱ्यावरून हात फिरवत म्हणाला, "मग हितं भित. कायमची."

आपल्याला काय त्याचं, असं म्हणून तिनं लुनाला किक मारली. विडे उशिरा पोचवल्याबद्दल बोलणी खाल्ली, घरी आली, जेवायला बसली आणि भाकरीचे तुकडे मोडत राहिली. उंबऱ्यावरून फिरलेला तो हात काही डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी आपण फक्त खरं-खोटं बघायला चाललोय, असं स्वतःला बजावत ती बोळात शिरली. देवडी होती. तोही होता. आणि त्याच्या शेजारी, आतल्या बाजूला, विटांचा पहिला ढीग येऊन पडला होता.

"आलीस?" तो म्हणाला, आणि त्याला जो आनंद झाला तो लपवणं त्या साध्या चेहऱ्याला काही जमलं नाही.

"विचारायला आलो. तुमचं गाव आत्तापर्यंत मला कसं दिसलं न्हाई? ह्या बोळाच्या तोंडावरनं मी शंभरदा गेलो असंन."

"निवांत मान्साला भितच दिसती. कुठं जायचं ठाऊक न्हाय पन जायचं तर हाय, असा जीव ज्याचा हुतोय, त्यालाच देवडी दिसती. आतनं भायेर जायाला बी त्योच कायदा. मी तीनदा उंबरा वलांडाय बघितला. तिन्ही बारीला नाक आपटलं."

"का?"

"मला ठाऊक हाय की, माझी जागा कुठली त्ये." त्यानं तिपाईवर थाप मारली. "ही."

पूर्णिमाला त्याचा हेवा वाटला, आणि थोडा रागही आला. एवढं कसं कुणी गप्प बसू शकतं? ती उंबऱ्याच्या या बाजूला लुनाच्या सीटवर बसली, पाय हलवत. तो तिच्या हलणाऱ्या पायाकडं बघत होता.

"घड्याळ हाय जनू त्ये," तो म्हणाला.

"बघू नका मग."

"दुसरीकडं बघाया सांग. बघतो."

तिनं मग शिक्का कसा असतो ते विचारलं. त्यानं पटक्याची कडा पुढं केली. तिथं पितळी बिल्ला होता आणि त्यावर खेकडा. पूर्णिमा खो खो हसली. राजाच्या शिक्क्यावर वाघ असतो, सूर्य असतो, खेकडा कुणी ठेवतं का? कृष्णात न रागावता म्हणाला की गड बसवणाऱ्या पहिल्या माणसाला पाणी सापडलं ते खेकड्याच्या मागं जाऊन, आणि उपकार विसरायची त्यांच्याकडं पद्धत नाही. ती हसायची थांबली. हा खेकडा आपण कुठंतरी बघितलाय, असं तिला वाटून गेलं, पण कुठं ते काही केल्या आठवेना.

पुढचे चार दिवस तिनं लुनाची चाकं झिजवली. मुरगूडच्या बाजारात पितळेची भांडी उलटी करून बघितली, शाहूवाडीच्या अंगाला एका देवळाच्या चौकटीवर खेकडा आहे असं ऐकून तिकडं गेली, तर तो विंचू निघाला. रोज संध्याकाळी ती देवडीवर येऊन सगळं सांगायची आणि कृष्णात असं ऐकायचा की सांगणाऱ्याला आपण फार मोठं काहीतरी केलंय असं वाटावं. तिनं त्याला उंबऱ्यावरून कांदाभजी दिली, मिसळ दिली. मिसळीचा पहिला घास घेऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी लई ग्वाड हाय म्हणाला. विटांचा ढीग मात्र रोज वाढत होता. आता चुन्याचं पिंपही आलं होतं.

"हे खोटं बोलता का तुम्ही नेहमी?" तिनं विचारलं.

"तुझ्याशी पयल्यांदाच."

सहाव्या दिवशी शेजारच्यांनी नातू झाल्याचे पेढे आणले. पूर्णिमानं पेढा उचलला, त्यावरचा फुलाचा ठसा बघितला आणि खुर्ची मागं सारून ताडकन उठली. गारगोटी! आतेभावाचा साखरपुडा! पेढ्यावर खेकडा कोण काढतं, म्हणून तिनं तिथं सगळ्यांना हसवलं होतं.

गारगोटीच्या बाजारपेठेत तो पेढा करणारी बाई शोधायला वेळ लागला नाही. विठाबाई नाव, साठीच्या पुढची, हात कोपरापर्यंत खव्यानं माखलेले. पितळी ठसा तिच्या मांडीशीच होता. तो नवऱ्याचा, म्हणाली. कुठून आला, कोण होता, त्यानं कधी सांगितलं नाही. शिक्केवाला होतो एवढंच म्हणायचा. एका जागी कधी टिकला नाही, पण तिच्या चुलीजवळ येऊन बसला तो मरेपर्यंत उठला नाही. पुढं एकदा घर शोधत गेला होता, तर म्हणे दारच सापडलं नाही.

पूर्णिमानं मागितलं तेव्हा विठाबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. "दसऱ्याची सव्वा मणाची ऑर्डर हाय पोरी. ह्यो दिला तर ठसा कशाचा मारू? माझ्या पेढ्याची वळख हाय ती. दुसरा खेकडा आणून दे, मग ह्यो ने."

ते रास्त होतं. आणि धंद्यातल्या पोरीला ते लगेच पटलं.

त्या संध्याकाळी देवडीवर ती घाईघाईनं बोलत सुटली. कोल्हापुरात सुतार शोधायचा, त्याला खेकडा समजावायचा, आणि दसऱ्याला उरलेत तीन दिवस. कृष्णातनं ढिगामागून लाकडाचा एक तुकडा ओढून काढला, भाल्याचं पातं सोडवलं आणि कोरायला लागला. बसून करायचं काम होतं. बसायचं काम त्याला येत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ठसा तिच्या हातावर ठेवला तेव्हा त्याची बोटं जागोजागी कापली होती. ठसा देऊनही त्याचा हात लगेच मागं गेला नाही. तिनंही जाऊ दिला नाही. मध्ये उंबरा होता आणि वरून पाऊस दोघांच्या मनगटांवर पडत होता.

"सांजच्या आत ये," तो म्हणाला. "शिक्का न्हाय गावला तरी ये. भित घालायच्या आदी... एकदा बघू दे."

पूर्णिमानं नुसती मान हलवली आणि पळाली.

पण देवडीच्या भिंतींना कान होते आणि त्यातले दोन यशराजचे होते. गादीच्या हावेनं त्याचा जीव कुठंच ठरत नव्हता, त्यामुळं उंबरा त्याला सहज ओलांडता यायचा. लुना कोल्हापूरच्या स्टँडवर ठेवून पूर्णिमा एसटीनं गारगोटीत पोचली तेव्हा तो जरीच्या अंगरख्यात विठाबाईपुढं उभा राहून राजमुद्रा हजर करण्याचा हुकूम देत होता. विठाबाईनं त्याला वरातीतला समजून आधी बाजूला उभं केलं, आणि त्यानं आवाज चढवल्यावर खव्याचं उलथनं उगारून पायरी उतरवलं. मग तिनं नवा ठसा हातात घेतला, एका पेढ्यावर दाबला, बराच वेळ बघितला.

"ह्यो खेकडा हसतोय की गं," म्हणाली. "कुनी कोरला?"

पूर्णिमा लाजली. विठाबाईनं पुढं काही विचारलं नाही. जुना ठसा पदरानं पुसून तिनं तिच्या ओटीत घातला.

कोल्हापूरच्या एसटीत पाय ठेवते न ठेवते तोच यशराजही मागून चढला. शिक्का इकडं दे, दरबारात मानाची जागा देतो, असं तो तिच्या कानाशी येऊन सांगत राहिला. तिनं कंडक्टरला बोलावून ह्यांचं तिकीट व्हायचंय एवढंच सांगितलं. यशराजनं ऐटीत सोन्याची मोहोर पुढं केली. कंडक्टरनं ती उलटीपालटी करून बघितली, सुट्टे द्या म्हणाला, आणि सुट्टे नाहीत म्हटल्यावर घंटी मारून जरीच्या अंगरख्यासकट त्याला उसाच्या एका फडापाशी उतरवलं.

बोळात लुना शिरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आकारामनं सूर्य मावळायची वाट बघितली नव्हती. देवडीत कमरेएवढी भिंत चढली होती आणि गवंडी थापी हातात धरून हताश उभा होता, कारण विटांच्या वरच्या थरावर कृष्णात मांडी घालून बसला होता. सकाळपासून. आकारामचा हुकूम झाला, शिव्या झाल्या, मग चार शिपाई ओढून दमले.

"आलीस," तो म्हणाला. यावेळी आवाज जरा कापला.

त्यानं हात दिला आणि ती भिंतीवरून आत उतरली.

दरबारात पूर्णिमानं शिक्का तबकात ठेवला. आकारामनं शांतपणे लाख मागवली, शिक्का दाबला आणि कागद सगळ्यांना दाखवला. खेकड्याला एकच नांगी होती. झरेगडच्या खेकड्याला दोन असतात, तेव्हा हा शिक्का खोटा आहे, असं तो अगदी वाईट वाटल्यासारखं म्हणाला. बारा सरदार खाली बघायला लागले. सरकारांचा हात आसनावरून घसरला. मागं, दालनाच्या दारात, कृष्णात उभा होता.

पूर्णिमानं शिक्का नाकाशी नेला. वेलदोड्याचा वास. खव्याचा वास. तीस वर्षांचा.

कमरेच्या चंचीतून तिनं एक लवंग काढली. चांगली, लांब दांड्याची, कडक. तिच्या टोकानं तिनं शिक्क्याच्या कडेची खाच कोरायला घेतली. वाळलेला खवा भुग्यासारखा पडायला लागला. मग तिनं लाखेवर शिक्का पुन्हा दाबला आणि कागद सरकारांच्या हातात दिला.

दोन नांग्या होत्या.

धोंडुबाई सरकारांनी तो कागद आकारामला वाचायला दिला आणि मोठ्यानं वाच म्हणून सांगितलं. त्यावर लिहिलं काहीच नव्हतं, त्यामुळं त्याला फार वेळ गप्प उभं राहावं लागलं. शेवटी तो स्वतःच दालनाबाहेर गेला. मग सरकारांनी पूर्णिमाला विचारलं, काय पाहिजे ते माग. गाव माग, दागिना माग, दरबारात जागा माग.

"देवडी बुजवायची न्हाई," ती म्हणाली. "कधीच."

"येवढंच?" म्हाताऱ्या डोळ्यांनी दारातल्या पटक्याकडं पाहिलं आणि मग हळूच हसून मान हलवली.

भिंत उतरवून झाली आणि दोघं उंबऱ्यावर बसली. आता मध्ये काही नव्हतं. पाऊस थांबला होता, ओल्या विटांचा वास येत होता. तिनं त्याच्या कापलेल्या बोटांना चुना-हळद लावली. तो तिला लुना कशी चालते ते विचारत होता, ती सांगत होती, आणि सांगता सांगता बोलणं आपोआप थांबलं. कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली. कुठं जायचं नव्हतं. काही आठवायचं राहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की आपण पोचलो.

कृष्णात तिच्या पायाकडं बघत होता.

"हलंना झालाय," तो म्हणाला.

तिनं बघितलं. पाय खरंच निवांत होता. ती हसली. तो हसला नाही.

"उद्या येशील?"

"येतो की."

दुसऱ्या दिवशी बोळ संपला तिथं भिंत होती. जुनी, शेवाळलेली, वर कुणीतरी दवाखान्याची जाहिरात रंगवलेली. पूर्णिमानं ती हातांनी चाचपली. बोळातून बाहेर जाऊन पुन्हा आली, पळत आली, लुना जोरात घालून आली. भिंतीला तिच्या घाईचं सोंग कळत होतं. तेव्हा कुठं तिला कृष्णातचं बोलणं आठवलं, आणि विठाबाईच्या नवऱ्याचं न सापडलेलं दारही. कुठं जायचं ते ज्याला ठाऊक नाही त्यालाच देवडी दिसते. तिला तर आता पक्कं ठाऊक होतं. भिंतीला कपाळ टेकून ती रडली, आणि रडताना तिला स्वतःचाच राग आला, कारण पाय अजूनही हलत नव्हता.

चार दिवस ती पानपट्टीवर बसून राहिली. उठली नाही. आण्णांना वाटलं पोरगी आजारी आहे. आईला वाटलं शहाणी झाली.

पाचव्या दिवशी दुपारी मिरजकर तिकटीला गलका उठला. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, पोलीस शिट्टी मारत होता, आणि चौकाच्या मधोमध पटका बांधलेला एक माणूस अनवाणी उभा राहून दिसेल त्याला विचारत होता की विडा सरळ बांधणारी पोरगी कुठं राहते. कुणी त्याला नाटकातला म्हणत होतं, कुणी वेडा. पूर्णिमा गल्ल्यावरून उतरली. पान मांडलेलं फडकं तिच्या पदराबरोबर खाली आलं तरी तिला कळलं नाही.

तो समोर येऊन उभा राहिला. दमलेला, चिखलानं माखलेला.

"तुमास्नी येता येत न्हवतं," तिनं कसंबसं म्हटलं.

"तिपाईवर बसवंना. चार दिस. उठतोय, बसतोय, पुन्यांदा उठतोय. सरकारनी इचारलं, कृष्णात, पायाला मुंग्या आल्या का काय. कोलापूर केवढं हाय ठाऊक न्हाय, तू कुठल्या गल्लीत ऱ्हातीस ठाऊक न्हाय... पन जायाचं हाय येवढं ठाऊक. डोळं मिटून उंबऱ्यावर पाय टाकला. म्हटलं, आपटलं नाक तर आपटलं."

"आणि आता परत जाताना?"

"आता भितच दिसंल मला." त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, त्या दिशेला, जिकडं त्याचं सगळं जग होतं. त्याचे डोळे भरून आले होते. मग तो तिच्याकडं वळला. "कुठं यायचं हुतं त्ये कळलंय की."

आण्णा दोघांकडं आळीपाळीनं बघत अडकित्ता हातात धरून उभे होते. अशा वेळी पूर्णिमाला जे येत होतं तेच तिनं केलं. गल्ल्यावर चढली, पान घेतलं, चुना लावला, कात लावला, सुपारी, बडीशेप. लवंग टोचताना नजर त्याच्यावरच होती. बांधलेला विडा तिनं पितळी ताटलीत ठेवला आणि ताटली पुढं केली.

त्यानं लगेच उचलला.

"अट ऐकायची की आधी," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना मला."

कृष्णातनं विडा बोटांत फिरवून बघितला.

"लवंग आडवी लागलीया," तो म्हणाला. "म्हटलं सरळ करावी."

आणि सरळ न करताच त्यानं तो तोंडात टाकला.